चढावरची क्वाड आणि तिचा पंखा



ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या बहुतेक कुटुंबांनी क्वाड बाइक पाहिली असेल ती उन्हाळ्याच्या सुट्टीत. चार रुंद, कमी हवेची चाके, मोटारसायकलसारखे हँडल, घोड्यावर मांड टाकावी तशी बसायची बैठक. मुलांना ते मोठ्या माणसांचे खेळणे वाटते. पण वेल्समध्ये, कंब्रियात किंवा मी राहते त्या डर्बिशायरच्या डोंगराळ भागात ती कष्टाची गाडी आहे. जिथे मोटार जात नाही आणि ट्रॅक्टर उलटण्याची भीती असते, तिथे चाऱ्याच्या गोण्या, कुंपणाचे खांब आणि आजारी मेंढी हीच गाडी वाहून नेते. माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा आहे. रस्ता सोडून चालणाऱ्या अशा वाहनांच्या नियंत्रकांसाठी मी संगणकीय सूचना लिहिते. त्यांतला माझ्या वाट्याला आलेला भाग लहानसा आहे: इंजिन किती तापले हे ओळखणे आणि रेडिएटरचा पंखा केव्हा सुरू करायचा, केव्हा बंद करायचा हे ठरवणे. वरवर पाहता एका पंख्यात लिहिण्यासारखे काय असणार, असे कोणालाही वाटेल. पण या पंख्यापाशी डोंगरावर एकटा काम करणारा माणूस, कार्यशाळेत आयुष्य घालवलेले माझे बाबा आणि पदवी घेऊन संगणकापुढे बसलेली मी, असे तिघे एकत्र आलो. म्हणून हे लिहीत आहे.

या वाहनाचा इतिहास फार जुना नाही. होंडाने १९७० साली तीन फुगीर चाकांची गाडी अमेरिकेच्या बाजारात आणली. चार चाकांची गाडी सुझुकीने १९८० च्या दशकाच्या आरंभी आणली आणि तीच पुढे रूढ झाली. आरंभीच्या या गाड्यांची इंजिने वाऱ्यानेच थंड होत. आजही होंडाची २५० सीसीची लहान क्वाड वाऱ्यावरच चालते. ४२० आणि ५२० सीसीच्या मोठ्या गाड्यांना मात्र पाण्याने थंड होणारे इंजिन आणि रेडिएटर असतो.

इंजिनाला थंड का ठेवावे लागते? पेट्रोल जळून जी ऊर्जा निर्माण होते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकांच्या कामी येतो. जवळजवळ तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर पडतो आणि उरलेला इंजिनाच्या धातूत शिरतो. तो काढून घेतला नाही तर तेल पातळ होते, पिस्टन फुगतो, हेड गॅस्केट जाते आणि अखेरीस इंजिन जाम होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी बजाज चेतक असेल. तिचे इंजिन बाजूच्या पत्र्याच्या आवरणाखाली झाकलेले असे. समोरचा वारा त्याला थेट लागत नसे. म्हणून फ्लायव्हीललाच पंख्याची पाती बसवलेली असत आणि इंजिन फिरले की तो पंखाही फिरे. तिथे पंख्याला निर्णय घ्यायचा नव्हता. क्वाडचा विजेचा पंखा इंजिनापासून स्वतंत्र आहे आणि म्हणूनच त्याच्यासाठी कोणाला तरी निर्णय घ्यावा लागतो.

क्वाडमधील व्यवस्था अशी असते. इंजिनाच्या पोटातून पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण फिरते. ते फिरवणारा पंप इंजिनाच्याच शक्तीवर चालतो. वाटेत थर्मोस्टॅट नावाची झडप असते. तिच्यात मेण भरलेले असते. मिश्रण साधारणतः ८० ते ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. मेणाची ही युक्ती १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्ने यांनी शोधली. ना वीज, ना संगणक, तरीही ती आजतागायत टिकून आहे. झडप उघडली की तापलेले मिश्रण रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून वाहते. नळ्यांच्या मधोमध कागदासारख्या पातळ पत्र्या असतात. त्या पत्र्यांमधून वारा गेला की उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते.

किती उष्णता निघून जाईल, हे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली म्हणजे मिश्रण आणि हवा यांच्या तापमानातला फरक. लिंकनशायरमध्ये जन्मलेल्या न्यूटनने १७०१ साली हा नियम मांडला होता. मिश्रण ९५ अंशांवर आहे असे धरू. डर्बिशायरमधील एप्रिलच्या ८ अंशांच्या सकाळी हा फरक ८७ अंशांचा असतो. आमच्या अमरावती जिल्ह्यातील मे महिन्याच्या ४४ अंशांत तोच फरक ५१ अंशांवर येतो. म्हणजे तोच रेडिएटर आणि तेवढाच वारा असूनही तिथे साठ टक्क्यांहून कमी उष्णता बाहेर पडेल. ब्रिटननेही हे अनुभवले आहे. १९ जुलै २०२२ रोजी न्यूटनच्याच लिंकनशायरमधील कॉनिंग्जबी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली. या देशातील आजवरचे ते सर्वोच्च तापमान आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे वारा, आणि अनेकांचा गोंधळ होतो तो इथेच. गाडी वेगाने पळवली की ती तापते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात मोकळ्या वाटेवर वेगात जाणाऱ्या क्वाडला समोरून भरपूर वारा मिळतो. तिचा पंखा बहुधा बंदच असतो. तापते ती हळू चालणारी गाडी. मागे ओझ्याचा ट्रेलर, समोर उभा चढ, चाकांखाली ओला चिखल आणि माणसाच्या चालीइतका वेग. इंजिन पूर्ण ताकद लावत असते, पण वारा जवळजवळ नसतो. गाडी स्वतःच्या गतीने जो वारा मिळवू शकत नाही, तो पुरवण्यासाठी पंखा असतो. म्हणून हिवाळ्यातही चढावर क्वाडचा पंखा घोंगावू लागला तर त्यात घाबरण्याजोगे काही नाही. गाडी आपले काम नीट करत असल्याचीच ती खूण आहे. घाबरायचे ते चढावर बराच वेळ ओढूनही पंखा गप्प राहिला तर.

ही गोष्ट मी कोणत्याही विद्यापीठात शिकण्याआधी बाबांकडून ऐकली होती. आमच्या वस्तीतून आयटीआयला जाऊन मेकॅनिक झालेले ते पहिले. त्यांची सारी नोकरी एसटीच्या परतवाडा आगाराच्या कार्यशाळेत झाली. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणारी बस सातपुड्याचा घाट चढते. सपाटीवर अमरावतीपर्यंत निमूट जाणारी तीच बस घाटात उकळू लागते, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिले होते. जुन्या बसचा पंखा पट्ट्याने इंजिनाला जोडलेला असे. पट्टा सैल असला की तो घसरे आणि सपाटीवर लपलेला दोष घाट उघड करी. घाट चढून आल्यावर इंजिन तत्काळ बंद करू नये, दोन-तीन मिनिटे नुसते चालू ठेवावे, म्हणजे फिरणारे पाणी आतली उष्णता बाहेर आणते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, हेड तडकते. आणि वाफेने भरलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. हे तीन नियम आमच्या घरी जेवताखाताना ऐकू येत. बाबांच्या उजव्या मनगटावर एक जुना पांढरा डाग आहे. चौथा नियम सांगायची गरज त्यांना कधी पडली नाही.

गेल्या काही वर्षांपासून शनिवारी मी आमच्या गावाजवळच्या एका वृद्ध मेंढपाळ दांपत्याच्या शेतावर जाते. त्यांच्याकडे डर्बिशायर ग्रिटस्टोन जातीच्या मेंढ्या आहेत. मी प्रयोगशाळेतल्या बाकावर ज्या गाडीचा अभ्यास करते, ती खऱ्या चिखलात कशी वागते हे पाहण्याच्या हेतूने मी प्रथम गेले आणि पुढे स्नेह जडला. एप्रिल हा तिथे कोकरे जन्मण्याचा काळ. रात्री-अपरात्री मेंढी अडते, पावसात भिजलेले कोकरू तासाभरात गारठून मरू शकते. त्या दिवसांत क्वाड बंद पडणे म्हणजे केवळ गैरसोय नव्हे.

अशाच एका एप्रिलच्या सकाळी ते आजोबा वरच्या कुरणातून पायी खाली आले. अंगावर पाऊस, काखेत एक कोकरू. क्वाड चढावर थांबली होती आणि तापमानाचा लाल दिवा लागला होता. बाहेर जेमतेम ८ अंश. एवढ्या थंडीत गाडी तापतेच कशी, हा त्यांचा प्रश्न होता. दिवाच बिघडला असेल, तो काढून टाकता येईल का, असेही त्यांनी विचारले. मी वर गेले. इंजिन बंद होते, ते तसेच राहू दिले. चावी फक्त ‘ऑन’वर आणली. असे केले की तापलेल्या गाडीचा पंखा फिरायला हवा. तो फिरला नाही. दिवा खरे सांगत होता, पंखा गप्प होता.

गाडी दोरीने खाली आणून कोठारात ठेवली आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला. परतवाड्यात दुपार झाली होती. ‘जय भीम’ झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गाडीच्या कंपनीचा नव्हता.

“काय वं पोरी, गाडी चढावर होती का सपाटीवर?”

मी चढ सांगितला, ट्रेलर सांगितला, वेग सांगितला. ते म्हणाले, “मंग वारा कुठून भेटन तिले? पंखा पाह्य आधी.”

फ्यूज उडालेला होता. नवा फ्यूज माझ्या हातातच होता. फोनवरून तो दिसताच बाबा म्हणाले, “थांब. उडाला तं कायले उडाला ते पाह्य. नुसता बदलशीन तं पुन्हा उडन.”

पंख्याचे पाते बोटाने फिरवून पाहिले तर ते हलेना. पाते आणि आवरण यांच्या मध्ये चिखल वाळून दगडासारखा झाला होता आणि त्यात लोकर गुंतली होती. आता साखळी स्पष्ट झाली. पाते अडकले, अडकलेल्या मोटरने नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढली, तारा जळू नयेत म्हणून फ्यूजने स्वतःचा बळी दिला आणि तेव्हापासून पंखा मुका झाला. हे कदाचित आठवडाभर आधीच घडले असेल. सपाट वाटेवर वारा मिळत असल्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. रेडिएटरच्या समोरच्या बाजूसही गवत, लोकर आणि माती यांचा जाड थर बसला होता. म्हणजे पंखा फिरला असता तरी वाऱ्याला वाट नव्हती.

चिखल भिजवून मऊ केला, पाते मोकळे केले, मोटरच्या जोडणीवरील हिरवा गंज ब्रशने घासला आणि त्यानंतरच फ्यूज बदलला. रेडिएटर धुताना आजोबांनी सवयीने प्रेशर वॉशर आणला. २००१ साली या देशात लाळ्या-खुरकताची भीषण साथ आली, साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. तेव्हापासून वाहने धुण्याच्या बाबतीत इथले शेतकरी फार दक्ष असतात. पण प्रेशर वॉशरचा झोत जवळून मारला तर रेडिएटरच्या पातळ पत्र्या वाकतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते. म्हणून साधी बागेची नळी घेतली आणि पाणी पंख्याच्या बाजूने, म्हणजे आतून बाहेर सोडले. वारा समोरून मागे जातो, कचरा समोर अडकतो. तो उलट दिशेनेच निघतो, समोरून धुतल्यास आणखी आत जातो. तासाभराने गाडी सुरू करून उभी ठेवली. काही मिनिटांनी पंखा लागला, थोडा वेळ फिरला, थांबला, पुन्हा लागला. तिकडे परतवाड्यात बाबा तो आवाज डोळे मिटून ऐकत होते. आजोबांनी फोनकडे पाहून टोपी उचलली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्याची फारशी अडचण झाली नाही.

पंख्याचे हे लागणे-थांबणे अनेकांना अस्वस्थ करते, म्हणून त्याचे कारण सांगते. समजा पंखा १०० अंशांना सुरू होतो. तो बंदही १०० लाच होऊ लागला तर पंखा लागताच तापमान अर्ध्या अंशाने उतरेल, तो बंद पडेल, पुन्हा अर्ध्या अंशाने चढेल, पुन्हा लागेल. मिनिटाला वीस वेळा उघडझाप होऊन रिले आणि मोटर दोन्ही झिजतील. म्हणून सुरू होण्याचा आणि बंद होण्याचा आकडा वेगळा ठेवतात, उदाहरणार्थ १०० ला सुरू आणि ९५ ला बंद. मधल्या पाच अंशांत पंखा आधी ज्या स्थितीत होता त्याच स्थितीत राहतो. या मागे रेंगाळणाऱ्या वागण्याला हिस्टेरेसिस म्हणतात. हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेम्स आल्फ्रेड यूइंग या स्कॉटिश शास्त्रज्ञाने चुंबकत्वाचा अभ्यास करताना घडवला. माझ्या संगणकीय भाषेत हे सारे चार ओळींत मावते.

दुसरी शंका: इंजिन बंद केल्यावर काही गाड्यांचा पंखा फिरतच का राहतो? इंजिन थांबले की पंपही थांबतो, पण धातूत साठलेली उष्णता थांबत नाही. ती स्थिर झालेल्या मिश्रणात उतरत राहते आणि काही मिनिटे तापमान कमी होण्याऐवजी वाढते. पंप बंद असल्याने पंख्याचा उपयोग मर्यादित असतो, तरी रेडिएटर आणि आवरणाखालची कोंडलेली हवा त्याने निवते. सर्वच गाड्यांत ही सोय नसते. काहींचा पंखा चावीबरोबरच बंद होतो. म्हणूनच चढ चढून आल्यावर दोन मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवण्याचा बाबांचा नियम क्वाडलाही लागू पडतो.

आता माझ्या टेबलावरच्या प्रश्नाकडे येते. तापमान मोजणारा जो लहानसा संवेदक इंजिनात असतो त्याला थर्मिस्टर म्हणतात. तापमान वाढले की त्याचा विद्युत रोध कमी होतो. थंडीत रोध वाढतो. आता त्याची तार तुटली असे समजा. काटेरी कुंपणात अडकून, उंदराने कुरतडून किंवा गंजून ती तुटते. तुटलेल्या तारेचा रोध अमर्याद असतो. नियंत्रकाला त्याचा अर्थ लागतो तो असा की, इंजिन अतिशय थंड आहे, उणे ४० अंशांवर आहे. भाबड्या सॉफ्टवेअरला ते खरे वाटेल आणि ते पंखा बंदच ठेवील. इंजिन आतून उकळत असेल, आणि नियंत्रक मात्र समाधानाने सांगत राहील की सर्व काही गार आहे.

उणे ४० अंश ब्रिटनमध्ये कधीही नोंदले गेलेले नाहीत. या देशातील नीचांक उणे २७.२ अंश आहे. तो स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे १८९५ आणि १९८२ साली, तर आल्टनाहारा येथे १९९५ साली नोंदला गेला. म्हणून इंजिन दहा मिनिटे चालू असताना उणे ४० हा आकडा आला तर तो स्वीकारायचा नाही, हे उघड आहे. खरा प्रश्न त्यापुढचा होता. तापमान ठाऊकच नसेल तेव्हा पंख्याने काय करावे?

आमच्या बैठकीत दोन मते होती. एक मत असे की, केवळ दिवा लावावा, पंखा बंद ठेवावा. विनाकारण फिरणारा पंखा बॅटरी खातो, आवाज करतो आणि ग्राहकांच्या तक्रारी वाढतात. या मताला आधार होता. डोंगरावर बॅटरी उतरलेली गाडी हीदेखील धोक्याचीच गाडी असते. माझे मत वेगळे होते. दिवा चिखलाखाली झाकलेला असू शकतो. उन्हात तो दिसत नाही. चालवणारा माणूस मागे वळून मेंढी पाहत असतो. विनाकारण फिरलेल्या पंख्याने थोडी वीज जाईल. न फिरलेल्या पंख्याने त्या माणसाचे इंजिन जाईल, आणि वस्ती तीन मैलांवर असताना अंधार पडेल. ज्याच्या हाती निर्णय नाही त्याच्या अंगावर आपल्या अज्ञानाचा भार टाकू नये, एवढेच माझे म्हणणे होते. त्या एप्रिलच्या सकाळची हकीकत मी बैठकीत सांगितली. उडालेल्या फ्यूजविषयी सॉफ्टवेअर काहीच करू शकत नाही, हेही सांगितले. पण गप्प पंखा म्हणजे काय असते, हे तेव्हा खोलीतल्या सर्वांपुढे उभे राहिले.

अखेर ठरले ते असे. संवेदकाचे म्हणणे अविश्वसनीय वाटले तर इंजिन चालू असेपर्यंत पंखा सतत फिरेल आणि दिवाही लागेल. इंजिन बंद केल्यावर बॅटरीसाठी पंखा थांबेल. ही काही नवी क्रांती नव्हे. अनेक मोटारींत अशीच व्यवस्था असते. पण ती आपोआप होत नाही. प्रत्येक नव्या गाडीत कोणाला तरी ती ओळ मुद्दाम लिहावी लागते, आणि ती लिहिताना चढावर कोण उभे आहे हे ठाऊक असावे लागते.

बाबांना मी हे फोनवर समजावून सांगितले. उणे ४० चा आकडा ऐकून ते हसले. तुटलेल्या तारेची बस त्यांनीही पाहिली होती. तिचा काटा तळाशी पडून राही आणि नवखा चालक गाडी थंड आहे म्हणून निश्चिंत राही. मग त्यांनी विचारले, “तुह्या त्या पुस्तकात हे लिहून हाये का?” पुस्तकात थर्मिस्टरचे समीकरण होते, तुटलेली तार नव्हती. त्यांच्या कार्यशाळेत तुटलेली तार होती, समीकरण नव्हते. हाताला ग्रीस लागलेल्या माणसांचे ज्ञान कागदावर उतरवून घेण्याची तसदी आपल्या समाजव्यवस्थेने क्वचितच घेतली. आता बाबा फोनवर सांगतात ते मी एका वहीत लिहून ठेवते. त्यातील काही ओळी सॉफ्टवेअरच्या चाचण्यांतही गेल्या आहेत.

आपल्यापैकी फार थोड्यांकडे क्वाड असेल. पण पुढील गोष्टी बहुतांशी आपल्या मोटारींनाही लागू आहेत, म्हणून त्या सांगते.

थंड गाडी सुरू करताच पंखा पूर्ण जोराने फिरू लागला आणि थांबेना, तर संवेदकाची तार किंवा जोडणी तपासून घ्यावी. कूलंट नव्याने भरल्यानंतर गाडी तापू लागली आणि तरीही पंखा लागला नाही, तर आत हवा अडकली असण्याचा संभव आहे. संवेदक द्रवाऐवजी हवेत राहिला की तो कमी तापमान दाखवतो. नुसते पाणी भरून ठेवू नये. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि इंजिनाचा धातू फोडते. एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे समसमान मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. मात्र ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. सांडलेले कूलंट कुत्रे आवडीने चाटतात आणि थोड्याशा मात्रेनेही दगावतात. घरात लहान मुले असतील तर डबा कुलपात ठेवावा.

तापलेल्या रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये, हे पुन्हा सांगते. झाकण आतील दाब वाढवून ठेवते. वातावरणाहून सुमारे १.१ बार अधिक दाबाखाली साधे पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो आणि तेच पाणी क्षणार्धात वाफ होऊन अंगावर येते. पूर्ण गार व्हायला तास लागला तर तासभर थांबावे. कोणाला भाजलेच, तर भाजलेला भाग किमान २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. बर्फ, तूप किंवा टूथपेस्ट लावू नये. मोठी जखम असेल तर ९९९ ला दूरध्वनी करावा.

आजोबांच्या जुन्या गाडीत आमचे नवे सॉफ्टवेअर नाही आणि येणारही नाही. तिच्यासाठी त्यांनी कोठाराच्या दारामागे एक जुना मऊ ब्रश टांगून ठेवला आहे. दर रविवारी संध्याकाळी ते पाते बोटाने फिरवून पाहतात.